गाणी भरणे (सातारा–सांगली)

गाणी भरणे : मोबाइलच्या दुकानातील संगणकावरून गिऱ्हाइकाच्या मेमरी कार्डात किंवा पेनड्राइव्हमध्ये गाणी उतरवून देण्याचा धंदा. मूळ मालकाला पैसे न देता गाणी मिळवण्याची आणि एकमेकांना देण्याची सवयही याच नावाने ओळखली जाते. मेमरी कार्डाची सोय असलेले स्वस्त मोबाइल गावोगाव आल्यावर सातारा व सांगली जिल्ह्यांत हा धंदा फोफावला. २०१६ नंतर तो ओसरला, पण मोडला नाही. संगीताचा चाहता, गाण्याची प्रत आणि वाजवणाऱ्याची कमाई यांचे या भागातले नाते समजण्यासाठी ही रीत पाहावी लागते. प्रस्तुत नोंदीत बँड म्हणजे मुख्यतः लग्नाच्या वरातीतील ब्रास बँड व बेंजो पार्टी.

कराड, विटा, तासगाव, म्हसवड अशा गावांत एसटी स्टँडासमोरच्या रिचार्जच्या दुकानात दहा-वीस रुपयांत कार्ड ‘फुल’ करून मिळे. दुकानदाराने संगणकात खाती पाडून ठेवलेली असत : जुनी हिंदी, नवीन हिंदी, मराठी, लावणी, भक्तिगीते, भीमगीते, डीजे. गिऱ्हाईक बहुधा ‘मिक्स टाका’ एवढेच सांगे. गायकाचे नाव घेऊन गाणे मागणारा विरळा, आणि नाव वाचायची सोयही नसे. फाइलीला गायकाऐवजी ते ज्या संकेतस्थळावरून उतरवले त्याचे नाव चिकटलेले असे. डीजे मिश्रणांत तर मिश्रण करणाऱ्याचेच नाव मध्येमध्ये घुमते. गाण्याच्या कर्त्याची ओळख पुसली जाण्याची सुरुवात चोरीच्या आधी इथे होते, असे म्हणायला हरकत नाही.

या धंद्याचे सर्वांत निष्ठावंत गिऱ्हाईक म्हणजे ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर ड्रायव्हर. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या ओढत, कारखान्याच्या गव्हाणीपुढे रांगेत रात्र काढणाऱ्याला गाण्यांशिवाय करमत नाही, आणि मोबाइलची रेंज सगळ्या वाटेवर मिळतेच असे नाही. म्हणून मोबाइलवर फुकट गाणी ऐकता येऊ लागल्यानंतरही ट्रॅक्टरचा पेनड्राइव्ह टिकून राहिला. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवलेले स्पीकर पाहिले, तर शौकीन माणूस गाण्यावर खर्च करत नाही हा आरोप टिकत नाही. तो खर्च करतो, पण आवाजाच्या सामानावर.

पूर्वपीठिका. ध्वनिमुद्रण आणि पोटापाण्याची कमाई यांची फारकत या भागात नवी नाही. मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या ध्वनिमुद्रिका विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून निघाल्या. पण त्या काळच्या गवयाचा संसार चाले तो बैठकीच्या बिदागीवर, संस्थानिकांच्या आश्रयावर आणि शिकवणीवर. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्मही मिरजेचा. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या पिढीच्या गायिकांत त्यांची गणना होते. ऐकणाऱ्याकडून थेट पैसे घेण्याची ही वाट ध्वनिमुद्रिकेच्या विक्रीपेक्षा कलावंताला अधिक भरवशाची वाटली. मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंतुवाद्य कारागिरांची मिळकत वाद्याच्या विक्रीची असल्याने गाण्यांच्या नकलेचा तिला थेट धक्का बसला नाही.

१९८० च्या दशकात ध्वनिफितींनी बाजार खुला केला. मांढरदेवची काळूबाई, पालचा खंडोबा, म्हसवडचा सिद्धनाथ यांच्या यात्रांत नारळ-भंडाऱ्याच्या दुकानांशेजारी देवाच्या गाण्यांच्या कॅसेटींचे गाळे लागू लागले. तमाशाची वगनाट्ये कॅसेटवर आली. कवलापूरचे काळू-बाळू (लहू व अंकुश खाडे) यांच्यासारख्यांचा फड ज्यांनी कनातीत बसून पाहिला होता, त्यांना आता तमाशातले संवाद घरी ऐकता आले. कॅसेटवरून कॅसेट उतरवणे तेव्हाही चाले, पण प्रत करायला गाण्याएवढाच वेळ लागे आणि प्रत्येक प्रतीत खरखर वाढे. एमपी३ ने ही दोन्ही कुंपणे काढली. एका सीडीवर दीडशे गाणी बसू लागली, मग कार्ड, मग ब्लूटूथ. एका मोबाइलवरून दुसऱ्यावर फाइली पाठवणाऱ्या शेअरइट व झेंडर या अॅपांमुळे दुकानाचीही गरज उरली नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी अॅपांत ही दोन्ही होती, तोवर पोरे त्यांवर वाढली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला की भरून घेण्यापेक्षा लावून ऐकणे सोपे झाले.

रीतसर विकत घेऊन गाणी उतरवण्याचे प्रयोग मात्र फसले. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू केलेले ‘फ्लाइट’ हे एमपी३ विक्रीचे दुकान जून २०१३ मध्ये बंद झाले. त्याच्या आधीच्या वर्षांत गाण्यासाठी बिनतक्रार पैसे मोजले गेले ते कॉलर ट्यूनला. इतरांना ऐकवायच्या गाण्याला महिन्याचे भाडे आणि स्वतः ऐकायचे ते फुकट, असा हा व्यवहार होता, आणि त्यातला मोठा वाटा मोबाइल कंपनीकडे राही.

बँडची कमाई. ब्रास बँड, बेंजो पार्टी, ऑर्केस्ट्रा, तमाशा फड या सगळ्यांचा मूळ व्यवहार सुपारीचा. गिऱ्हाईक तारीख सांगते, मालक डायरीत तिथी पाहतो, इसार घेतो, उरलेली रक्कम वरात निघण्याआधी किंवा कार्यक्रम उरकल्यावर वसूल होते. वरात निघण्याआधी घेतलेली बरी, हे प्रत्येक मालक एखाद्या बुडीत सुपारीनंतर शिकतो. हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो, चैत्र-वैशाखात लगीनसराई आणि गावजत्रा एकदम येतात, आणि आषाढानंतर चातुर्मासाची शांतता पसरते. मध्ये गणेशोत्सवाचा आधार असतो. मिरजेची विसर्जन मिरवणूक स्वागत कमानींखालून दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा वाजवणाऱ्यांना उसंत मिळत नाही.

वादकांचा हिशेब वेगळा. काही जण हंगामापुरते बांधलेले असतात. ते पावसाळ्यात मालकाकडून उचल घेतात आणि ती वाजवून फेडतात. ऊसतोड मजुराचा व्यवहार ज्याला ठाऊक आहे त्याला या उचलीचा जाच समजावून सांगावा लागत नाही. क्लॅरिनेट, ट्रम्पेट किंवा बेंजो वाजवणाऱ्याला अधिक मोल, ढोल-ताशावाल्याला कमी, डोक्यावर दिवे धरणाऱ्या बाईला सर्वांत कमी. याशिवाय वरातीत नवरदेवावरून किंवा नाचणाऱ्यावरून ओवाळून दिलेल्या नोटा. ही ओवाळणी मालकाची की वादकांची, यावरून पार्ट्या फुटल्या आहेत. तमाशातली दौलतजादा याच जातकुळीची : गाणे आवडले की पैसे तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. शौकिनाची दाद आणि कलावंताची मजुरी यांच्यामध्ये इतके कमी अंतर पुढच्या कुठल्याही व्यवस्थेला ठेवता आलेले नाही.

या व्यवस्थेत ध्वनिमुद्रणाच्या विक्रीला जागाच नाही, हे लक्षात घेतले म्हणजे गाणी भरण्याने बँडचे फार नुकसान का झाले नाही ते कळते. उलट बँड स्वतः या रीतीवर पोसला. नोटेशन वाचणारा वादक दुर्मिळ. नवे गाणे बसवायचे तर क्लॅरिनेटवाला ते मोबाइलवर पुन्हा पुन्हा लावून कानाने उचलतो. पूर्वी त्यासाठी रेडिओची किंवा कॅसेटची वाट पाहावी लागे. आता गाणे आले त्याच आठवड्यात वरातीत फर्माईश होते, आणि ते येत नसेल तर पोरे तोंडावर सांगतात, मग डॉल्बीच आणायला पाहिजे होता. फुकट गाण्यांनी बँडचे खायला घेतले ते इथे, डॉल्बीच्या वाटेने. पश्चिम महाराष्ट्रात डॉल्बी म्हणजे ट्रकवर रचलेली ध्वनियंत्रणा. तिला वादक लागत नाहीत, दम लागत नाही, आणि पेनड्राइव्हमध्ये सगळी गाणी असतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला मनाई आहे, आणि २०१७ मध्ये कोल्हापूर परिक्षेत्राच्या पोलिसांनी डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाचा आग्रह धरला. त्याचा फायदा ढोल-ताशा, हलगी आणि बेंजोला झाला. वाजवणाऱ्यांची रोजी राखण्याचे काम अशा रीतीने डेसिबलच्या मर्यादेने केले. कॉपीराइटने ते केले नाही.

बेंजो पार्ट्या आता आपल्या मिरवणुकांचे चित्रण यूट्यूबवर टाकतात. वाजवलेली धून सिनेमातली असल्याने त्यावरच्या जाहिरातींचे पैसे पुष्कळदा संगीत कंपनी आपल्याकडे वळवून घेते. मालकाला त्याची फिकीर नसते. चित्रफितीवर मोठ्या अक्षरांत मोबाइल नंबर असतो आणि एक सुपारी वर्षभराच्या जाहिरात-उत्पन्नापेक्षा भारी पडते.

पाश्चात्त्य बँडांची तुलना. अमेरिका-युरोपात बँडचे गणित अल्बमच्या विक्रीभोवती उभे होते, म्हणून तिथे धक्का मोठा बसला. जून १९९९ मध्ये इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घेण्याची नॅपस्टर ही सेवा सुरू झाली, एप्रिल २००० मध्ये मेटॅलिका या बँडने त्याच्यावर दावा लावला आणि २००१ मध्ये ती बंद पडली. आपल्याच चाहत्यांविरुद्ध कोर्टात गेलेला बँड, हा शिक्का मेटॅलिकावर बराच काळ राहिला. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने याच्या कितीतरी आधी प्रेक्षकांना मैफली ध्वनिमुद्रित करून वाटण्याची मुभा दिली होती, आणि तो बँड तिकिटांवर सुखाने जगला. अॅपलने २००३ मध्ये ९९ सेंटला एक गाणे विकायला काढले. रेडिओहेड या इंग्लिश बँडने २००७ मध्ये एक अल्बम ‘वाटेल ते द्या’ म्हणून उतरवायला ठेवला. इंग्लिश गायक डेव्हिड बोवीने २००२ मध्येच म्हटले होते की संगीत आता नळाच्या पाण्यासारखे होणार, तेव्हा कलावंतांनी दौऱ्यांची तयारी ठेवावी. दुष्काळी माण-खटावच्या माणसाला या उपमेतला नळाचा भरवसा पटणार नाही, पण दौऱ्याचे म्हणणे पटेल. तमाशाचे फड नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या घेऊन गावोगाव हिंडत होते ते याच हिशेबाने.

कायदा. दुकानदाराने पैसे घेऊन गाणी भरून देणे हा कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ खाली गुन्हा आहे; शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वरातीतल्या बँडला मात्र कायद्याने मोकळे सोडले आहे. कलम ५२ नुसार धार्मिक समारंभात गाणे वाजवल्याने हक्कभंग होत नाही, आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सोहळे त्या व्याख्येत स्पष्टपणे घातलेले आहेत. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून याची पुन्हा आठवण करून दिली. तिकीट लावलेल्या ऑर्केस्ट्राला ही सवलत नाही. नाट्यगृहातल्या जाहीर कार्यक्रमासाठी परवाना घ्यावा लागतो.

मग या सगळ्यात बुडाला कोण? गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक. बँडला सुपारी मिळते, दुकानदाराला भरणावळ, कंपनीला जाहिरात. ज्याने ओळ लिहिली त्याला एकदाच एकरकमी काहीतरी मिळालेले असते. हा प्रश्न इंटरनेटच्या फार आधीचा. बालपणाचा काही काळ सांगलीत गेलेल्या लता मंगेशकर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी गायकांना रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या कमाईत वाटा, मिळावी असा आग्रह धरला. मोहम्मद रफी यांना तो मान्य नव्हता आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे थांबवले. कायद्याने या मागणीची दखल घ्यायला २०१२ उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीनुसार गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करारानेही काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे सभासदांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला, देता येतो. गायक-वादकांनाही व्यापारी वापरात वाटा मिळाला.

स्ट्रीमिंगमुळे, म्हणजे गाणे उतरवून न घेता इंटरनेटवरून लावून ऐकण्यामुळे, हिशेब निदान लिहिला जाऊ लागला. गाणे किती वेळा वाजले याची नोंद आपोआप होते, पण एका वेळचा मोबदला इतका किरकोळ असतो की छोट्या गायकाच्या हाती काही लागत नाही. स्पॉटिफाय हे स्ट्रीमिंगचे अॅप भारतात २०१९ मध्ये आले. २०२४ पासून त्यावर बारा महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातींत वाटा हवा तर १००० सदस्य आणि वर्षभरात ४००० तास पाहणे ही अट २०१८ मध्ये आली; २०२३ पासून तासांऐवजी शॉर्ट्स या छोट्या चित्रफिती पाहिल्या जाण्याचा पर्यायही आहे. एखाद्या यात्रेपुरते चालणारे देवाचे गाणे ही उंबरठ्याची अट पुष्कळदा ओलांडत नाही.

पठ्ठे बापूरावांच्या रेठरे हरणाक्ष या गावापासून ते शाहीर साबळे यांच्या पसरणीपर्यंतच्या या पट्ट्यात आजही लावणी, भीमगीते, भारूड, देवीची गाणी लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांचा ध्वनिमुद्रण करणाऱ्याशी लेखी करार नसतो. गाणे कुणाचे हे सांगायला स्टुडिओतली एक पावती असली तर असते. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही सोसायटी १९६९ ची. नव्या कायद्यानुसार तिची नोंदणी २०१७ मध्ये झाली. तिच्याकडून वाटा मिळवायचा तर गीतकाराने सभासद होऊन आपली गाणी नावानिशी नोंदवावी लागतात.