धूमकेतू मऊ असतो की टणक? फिलेला विचारा

धूमकेतूवर यान उतरवायचं म्हटलं की अंतर वगैरे ठीक आहे हो, ते गणिताने जमतं, खरी पंचाईत ही की खाली पाय टेकल्यावर नक्की काय लागणार हेच कुणाला माहीत नसतं. १९८६ मध्ये युरोपचं जोत्तो यान हॅलेच्या धूमकेतूपासून साधारण ६०० किलोमीटरवरून गेलं, तेव्हा कळलं की आतलं केंद्रक, म्हणजे धूमकेतूचा घन गाभा, चांगलंच काळं आहे, पडलेल्या प्रकाशातला जेमतेम ४ टक्के परत फेकतं. पण ते मऊ की टणक हे नुसतं बाजूने जाऊन कसं कळणार?

म्हणून मग युरोपचंच रोझेटा यान. मार्च २००४ मध्ये निघालं, वेग मिळवायला तीनदा पृथ्वीला आणि एकदा मंगळाला वळसा घातला, मध्ये ३१ महिने चक्क झोपून काढले (सूर्यापासून इतकं लांब की सोलर पॅनलवर भागेना) आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ६७पी चुर्युमोव-गेरासिमेंको या धूमकेतूपाशी पोचलं. आपण नुसतं ६७पी म्हणू.

१२ नोव्हेंबरला त्याने फिले हा छोटा लँडर खाली सोडला. पृथ्वीवर १०० किलोचा गडी, तिथे वजन एखाद-दोन ग्रॅम! गुरुत्वाकर्षण इतकं कमी की उतरण्यापेक्षा चिकटून राहणं अवघड, त्यासाठी दोन हार्पून (जमिनीत रुतणारे भाले), पायांत स्क्रू आणि वरून दाबून धरायला एक थ्रस्टर (छोटं इंजिन) अशी तिहेरी सोय होती. थ्रस्टर आधीच बिघडलेला, हार्पून सुटलेच नाहीत, स्क्रूंनी काही पकड घेतली नाही. सिग्नल पोचायलाच २८ मिनिटं, त्यामुळे इथून कुणी काही करूही शकत नव्हतं. फिले उसळला आणि जवळजवळ दोन तास टप्पे खात, एका कड्याला धडकत शेवटी एका कपारीच्या सावलीत जाऊन अडकला. ऊन कमी, म्हणून मुख्य बॅटरी अडीच दिवसांत संपली.

आता गंमत बघा. त्या कपारीत फिलेने तापमान मोजणारी एक कांडी हातोडीने जमिनीत ठोकायचा प्रयत्न केला, हातोडी फुल पॉवरवर नेली तरी कांडी आत जाईना. म्हणजे टणक. सगळ्यांना वाटलं मिळालं उत्तर.

पण २०२० मध्ये दुसरंच समोर आलं. उसळत जाताना मध्ये एका ठिकाणी फिले जवळजवळ दोन मिनिटं खडकांच्या फटीत घासत होता, ती जागा शास्त्रज्ञांनी शोधून काढली, आणि कशावरून, तर चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरच्या दांडीवरून! धक्का बसला की दांडी हलायची आणि रीडिंगमध्ये उडी दिसायची, मग कधी, कुठे, किती वेळ आदळला याचा हिशोब लागला. फोटोत तिथे उघडा पडलेला बर्फ दिसतो आणि त्यात फिलेच्या डोक्याने पाडलेला सुमारे २५ सेंटीमीटरचा खळगा. त्यावरून निघालं की हा धूळमिश्रित बर्फ कॉफीवरच्या फेसापेक्षाही मऊ आहे, अब्जावधी वर्षं जुना असूनसुद्धा.

मग खरं कुठलं? दोन्ही. उन्हाने तापून-गारठून वर कुठे कुठे कडक थर तयार होतो, पण एकूण ६७पीची घनता पाण्याच्या जवळपास निम्मी, म्हणजे आत ७०-८० टक्के पोकळीच. आता अशा वस्तूवर पुढचा लँडर कशाने बांधायचा? माझ्या मते नुसत्या हार्पूनवर भरवसा ठेवण्यात काही अर्थ नाही.

केंद्रकावरचा बर्फ अजून कुणीही पृथ्वीवर आणलेला नाही. स्टारडस्ट यानाने २००६ मध्ये आणली ती वाइल्ड २ या धूमकेतूभोवतीची धूळ. खुद्द ६७पीवरून नमुना आणायचा सीझर नावाचा प्रस्ताव नासाकडे फायनलपर्यंत गेला होता, पण २०१९ मध्ये निवड झाली शनीच्या टायटन या चंद्रावर उडणाऱ्या ड्रॅगनफ्लायची. टायटनवर ड्रोन ही भारीच कल्पना आहे, मान्य, तरी मी असतो तर सीझरला मत दिलं असतं.