पिन कोडला मूळ अवयव किती आणि विभाजक किती?

शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या नागपूरच्या मुलांनी सरावाला आपल्या वस्तीचा पिन कोडच घ्यावा, असं मी सांगते. सहा अंकी संख्या आयती मिळते. मात्र एक घोळ हमखास होतो: ‘मूळ अवयव किती’ आणि ‘विभाजक किती’ हे दोन्ही प्रश्न मुलांना एकच वाटतात. मूळ अवयव म्हणजे ज्यांचा गुणाकार करून ती संख्या मिळते त्या मूळ संख्या; विभाजक म्हणजे जिने तिला निःशेष भाग जातो अशी कोणतीही संख्या.

धरमपेठेचा ४४००१० घ्या. शेवटी शून्य, म्हणजे २ आणि ५ लगेच निघाले. उरले ४४००१. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो आणि उरतात ४८८९. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. तो सुटू देऊ नका. ७० चा वर्ग ४९००, तेव्हा ६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. ७ ने भागलं तर बाकी ३, १३ ने १, ४७ ने पुन्हा १, ६७ ने ६५. मधल्या कुणाचाही भाग जात नाही. ४८८९ ही मूळ संख्याच आहे.

म्हणजे ४४००१० = २×३×३×५×४८८९. वेगवेगळे मूळ अवयव चार. ३ दोनदा मोजला तर पाच. विभाजक मात्र २४! विभाजक तयार करताना कोणती मूळ संख्या किती वेळा घ्यायची एवढंच ठरवायचं असतं. २ घ्या किंवा सोडा, दोन पर्याय. ३ एकदाही नाही, एकदा किंवा दोनदा, असे तीन. ५ चे दोन, ४८८९ चे दोन. २×३×२×२ = २४. काहीच घेतलं नाही तर १ मिळतो, सगळं घेतलं तर खुद्द ४४००१०.

प्रतापनगरचा ४४००२२ फक्त १२ ने मोठा: २×३×११×५९×११३. इथेही पाचच, पण पाचही वेगळे, म्हणून विभाजक ३२.

मग वेगळे मूळ अवयव जितके जास्त तितके विभाजक जास्त? तसंही नाही. ३३२६४० मध्ये २ पाचदा, ३ तीनदा आणि ५, ७, ११ एकेकदा येतात. वेगळे मूळ अवयव पाचच, संख्या दोन्ही पिन कोडांपेक्षा लहान, आणि विभाजक ६×४×२×२×२ = १९२. लहान मूळ संख्या पुन्हा पुन्हा आल्या की विभाजक भराभर वाढतात; ४८८९ सारखी एकच मोठी मूळ संख्या सगळी जागा खाऊन टाकते. ३३२६४० पेक्षा लहान कोणत्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. अशाच संख्यांवर रामानुजन यांनी १९१५ साली मोठा निबंध लिहिला. १९१७ मध्ये इंग्रज गणितज्ञ हार्डींसोबत त्यांनी दुसरी मोजणी हाती घेतली: सर्वसाधारण संख्येला मूळ अवयव किती असतात? ही मोजणी विलक्षण सावकाश वाढते. साडेचार लाखांच्या आसपासच्या संख्यांना विभाजक सरासरी १४, तर वेगळे मूळ अवयव सरासरी तीनही भरत नाहीत.