सिबेलियसची चौथी सिंफनी

फिनलंडचा संगीतकार यान सिबेलियस (१८६५–१९५७) याची ए मायनरमधील (ए हा आधारस्वर असलेल्या, उदास छटेच्या स्वरावलीतील) वाद्यवृंदरचना, कृतिक्रमांक ६३. ३ एप्रिल १९११ रोजी हेलसिंकीत खुद्द सिबेलियसच्या संचालनाखाली ती प्रथम वाजली आणि श्रोते गोंधळात पडले. आदल्याच वर्षी म्यूनिकला ऑस्ट्रियन संगीतकार गुस्ताव मालरची आठवी सिंफनी हजारावर गायक-वादकांनिशी सादर झाली होती. सिबेलियस नेमका उलट्या दिशेने गेला. वाद्यमेळ बेताचा, एकूण अवधी सुमारे पस्तीस मिनिटे, आणि अनावश्यक स्वर जवळजवळ नाहीच. समकालीन संगीताविरुद्धचा हा निषेध आहे, असे तो स्वतः म्हणे. १९०८ मध्ये त्याच्या घशातील गाठ काढण्यात आली होती. या रचनेतील काळोखाचा संबंध त्या आजारपणाशी जोडतात. तो खोटा नसावा, पण तेवढ्याने तिची बांधणी उलगडत नाही.

बांधणीची किल्ली पहिल्याच चार स्वरांत आहे. चेलो, डबल बास ही तंतुवाद्ये आणि बासून हे फुंकवाद्य खर्जात सी, डी, एफ शार्प, ई हे स्वर जोरकसपणे काढतात. सीला षड्ज मानले तर सा, रे, तीव्र म, ग. आपल्या कानाला क्षणभर यमनचा भास होतो, पण तो फसवा. यमनमध्ये तीव्र मध्यमाला घर असते. इथे सा आणि तीव्र म यांच्यातले तीन पूर्णस्वरांचे अंतर (ट्रायटोन) हाच सारा अस्वस्थपणा आहे, आणि तो चारही भागांत झिरपतो.

पहिला भाग संथ आहे. सोनाटा-रूपाचा (सुरावटींची मांडणी, विस्तार आणि पुनरागमन अशा क्रमाचा) सांगाडा त्यात ओळखू येतो, मात्र या सुरावटींना जोडणारे पूल काढून टाकलेले आहेत. दुसरा भाग ओबो या फुंकवाद्याच्या खेळकर सुरावटीने सुरू होतो. मध्येच लय निम्म्यावर येते, सावट पसरते आणि सुरुवातीचा खेळकरपणा धड परततच नाही. टिंपनीच्या (नगाऱ्यासारख्या तालवाद्याच्या) हलक्या ठोक्यांवर भाग तुटतो. रचनेचा गाभा तिसऱ्या, अतिसंथ भागात आहे. एरवी सुरावट आधी मांडतात आणि मग तिचा विस्तार करतात. इथे ती तुकड्यातुकड्याने चाचपडत जुळत जाते आणि पूर्ण रूपात उभी राहते ती शिखरावर. ऐकणाऱ्याने धीर धरायला हवा.

शेवटच्या भागात ए मेजर या उजळ स्वरावलीचा उजेड आणि ग्लॉकनस्पील या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याची किणकिण येते. (काही संचालक त्याऐवजी नळ्यांच्या मोठ्या घंटा वापरतात, परिणाम बराच बदलतो.) पण ए आणि ई फ्लॅट हे ट्रायटोनच्या अंतरावरचे दोन आधार एकमेकांना भिडतात नि उजेड विस्कटतो. शेवट ए मायनरमध्ये, ना मोठ्याने ना हळू. लयही मंदावत नाही. बोलणे संपले म्हणून थांबावे तसे संगीत थांबते.

ही कृती सिबेलियसने आपला मेव्हणा, चित्रकार एरो यार्नेफेल्ट याला अर्पण केली. १९०९ मध्ये दोघे पूर्व फिनलंडमधील कोली टेकडीवर गेले होते. तो अनुभव रचनेत उतरल्याचे मानतात, पण तिच्यात निसर्गचित्र शोधू नये. पुढे तिला ‘सालीच्या भाकरीची सिंफनी’ असेही नाव पडले. दुष्काळात फिनलंडची माणसे पाइनच्या सालीचे पीठ मिसळून भाकरी करत, त्यावरून.