खोबरेल की लोणचं: डिझेल गोठणं आणि डिझेल नासणं

सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली की आम्ही गाडी काढतो. ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली कॅम्परव्हॅन आहे. जूनपासून ती दारातच उभी असते, टाकी अर्धी आणि वर ताडपत्री. एका जानेवारीत अशीच पहाटे काढली, एका सेल्फला सुरू झाली. पाकणी ओलांडून उसाच्या ट्रॉलीला मागं टाकायला गेलो आणि पिकअपच गेला. पाय दाबून धरला तरी गाडी खेचेना. बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलं की थोडी पळायची, पुन्हा बसायची.

बायकोनं फोनवर शोधलं. "अहो, थंडीनं डिझेल गोठतं म्हणे. मेण धरतं आणि फिल्टर चोंदतो." लक्षणं तंतोतंत जुळत होती. अँटी-जेल नावाचं औषध मिळतं हेही तिथंच कळलं. ते कुठं मिळेल याची चौकशी करत रडतखडत जुन्या पुणे नाक्यापर्यंत परत आलो. तिथल्या मिस्त्रीनं काही न बोलता फिल्टरखालचा स्क्रू सैल केला, चहाचा काचेचा ग्लास खाली धरला आणि भरल्यावर माझ्या हातात दिला. तळाला बोटभर पाणी, वर डिझेल आणि दोघांच्या मधोमध शेंबडासारखी काळपट साय. "मालक, हितं कुठला बर्फ? पाणी हाय की ह्यात."

दोन्ही दुखण्यांत शेवटी फिल्टरच चोंदतो, म्हणून बाहेरून लक्षण एकच दिसतं. आतली गोष्ट मात्र पार वेगळी.

डिझेल गोठणं म्हणजे खोबरेल. चोवीस अंशांच्या आसपास खोबरेल पांढरं होऊन बाटलीत बसतं, आपण बाटली उन्हात ठेवतो, तासाभरात ते होतं तसं होतं. बिघडत काहीच नाही. डिझेलमध्येही मेणाचा अंश मुळातच असतो आणि तो चांगला जळतो, म्हणून कंपन्या तो सगळा काढून टाकत नाहीत. गारठा वाढला की आधी डिझेल धूसर होतं, मग मेणाचे बारीक कण फिल्टरच्या कागदावर थर धरतात आणि सगळ्यात शेवटी डिझेल वाहायचंच थांबतं. टाकीतलं डिझेल अजून पातळ असतानाच गाडी बंद पडते ती या मधल्या टप्प्यात. भारतीय मानकात, म्हणजे आयएस १४६० मध्ये, या फिल्टर चोंदण्याच्या तापमानाला मर्यादा घातली आहे: उन्हाळी डिझेलला जास्तीत जास्त १८ अंश, हिवाळी डिझेलला ६. हिवाळा म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

इथं कुणी हुशार मला अडवेल. टाकीतलं डिझेल जूनचं, म्हणजे उन्हाळी. पहाटेचा पारा चौदा-पंधरावर. मग मेण धरायला कागदावर तरी वाव आहेच की. मान्य. पण त्या दिवशी दुपारी बारालाही गाडीचं तेच रडगाणं सुरू होतं, आणि जानेवारीतसुद्धा सोलापूरची दुपार तिशीला टेकते. त्या उन्हात खोबरेल टिकत नाही, मेण कुठून टिकणार? ग्लास बघायच्या आधी मी घड्याळ बघायला हवं होतं. पहाटे अडते आणि ऊन चढलं की सुधारते, तर गोठलेलं. दिवसभर अडते, तर नासलेलं.

नासणं म्हणजे लोणच्याची बरणी. ओला चमचा एकदाच गेला, आठ दिवस काही दिसलं नाही, मग एके दिवशी वर बुरशी. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळ्याची दमट हवा असते. रात्री टाकीचा पत्रा गार पडला की आतून दव धरतं आणि ओघळून तळाशी जातं, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर पावसाचंही पाणी जातं. कॅनमधून ओतलेल्या डिझेलबरोबर येतं ते वेगळंच. पाणी आणि डिझेल जिथं टेकतात त्या रेषेवर जंतू आणि बुरशी घर करतात: राहायला पाणी, खायला डिझेल. पंचवीस ते पस्तीस अंश त्यांना मानवतात, म्हणजे आपला जून ते ऑक्टोबर. मानकानुसार डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं. ते जितकं जास्त तितकं पाणी धरून ठेवतं आणि बुरशीला जास्त पचतं. या बुरशीचं आम्ल टाकीचा पत्रा खातं, साय सुटून फिल्टरवर येऊन बसते आणि फिल्टरखालची पाणी साचायची वाटी उघडली की आंबूस, कुजका वास येतो. थांबल्यावर गाडी थोडी का पळायची, तेही मग कळलं: इंजिनाची ओढ थांबली की नळीच्या तोंडावरची घाण खाली बसते.

गोठलेलं डिझेल फार तर एक दिवस खातं. पाणी पंप आणि नोझल खातं. हल्लीच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल १६०० बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सोळाशे पटीच्या, वर दाबलं जातं, आणि तिथले सुटे भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात. पाण्याला वंगण नाही. डॅशबोर्डवर डिझेलमधल्या पाण्याचा दिवा लागला तर "पुढच्या गावात बघू" म्हणू नये. मी म्हणालो होतो.

औषधांची अदलाबदल तर मुळीच करू नये. अँटी-जेल पाण्याला काहीच करत नाही. बुरशी मारायचं बायोसाइड मेणाला काही करत नाही, आणि मेलेली बुरशी टाकीतच राहते, म्हणून ते टाकल्यावर उलट फिल्टर आणखी दोनदा चोंदतो. माझी टाकी शेवटी खाली उतरवूनच धुतली.

पण खरी गंमत टाकी किती भरावी यात आहे. घरी उभी करायची तर काठोकाठ: हवा नाही तर दव नाही. झाकणाचं रबर बघायचं आणि पावसाळ्यात दर महिन्याला फिल्टरखालचा स्क्रू सोडून ग्लासभर काढून बघायचं. तीच गाडी डिसेंबरात हिमाचलला न्यायची असेल तर बरोब्बर उलटं. इथलं भरलेलं डिझेल तिथवर वाहून न्यायचंच नाही. थोडं थोडं भरत जायचं आणि डोंगर चढताना टाकीत तिकडचं डिझेल असावं. २०२० साली अटल बोगदा झाला आणि भर हिवाळ्यातही लाहौल गाठता येऊ लागलं. तिथं रात्री पारा उणे दहाच्याही खाली जातो, आणि ६ अंशांची मर्यादा तिथं कुठं पुरणार? लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये पानिपतच्या रिफायनरीतून वेगळं हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. ते जिथं मिळत नाही तिथं अँटी-जेल, पण आधी. मनालीत टाकीत औषध ओतायचं, वर डिझेल भरायचं आणि गाडी पाच-दहा किलोमीटर फिरवायची, म्हणजे ते नळीत आणि फिल्टरमध्येही पोचतं. एकदा मेण धरलं की ते औषध मेण विरघळवत नाही. मग ऊन, नाहीतर फिल्टरवर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं. टाकीखाली शेकोटी पेटवणारे ड्रायव्हर असतात. आपण त्यांच्यात बसू नये. रॉकेल मिसळायचा जुना नुस्खाही आता नको. त्यात गंधक जास्त, वंगण कमी, आणि बीएस-सहाचं डिझेल दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त गंधक चालवून घेत नाही. पेट्रोल तर नाहीच.

दोन्ही दुखणी एकत्रही येतात. सोलापुरात फिल्टरमध्ये साचलेलं पाणी तिकडं डोंगरात शून्याखाली गेलं की बर्फ होतं आणि गाडी गोठल्यासारखी बंद पडते. फडक्यानं शेकली की सुरू होते, आपण म्हणतो मेण होतं, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. म्हणून उत्तरेला निघायच्या आधी इथंच, ऊन असताना, पाणी काढून नवा फिल्टर बसवायचा. आणखी एक नवा फिल्टर आणि पाना गाडीत ठेवायचा.

कॅम्परव्हॅनमध्ये आणखी एक खूण मिळते, जी साध्या गाडीत नाही. रात्रीचा डिझेल हीटर त्याच टाकीतून पितो, पण त्याची नळी बहुधा इंजिनाच्या नळीपेक्षा वर संपते, रात्रभर हीटर चालूनही सकाळी गाडीपुरतं डिझेल उरावं म्हणून. पाणी तळाशी असतं, ते आधी इंजिनाला मिळतं. मेण सगळीकडे असतं. तेव्हा हीटर मजेत चालू आणि इंजिन मात्र अडतंय, तर माझा संशय पाण्यावर. दोन्ही एकाच पहाटे गप्प झाले, तर चहा करायचा, रजई ओढायची आणि उन्हाची वाट बघायची.