‘जरा वेगळा विचार करा’ म्हटल्याने कोणी वेगळा विचार करत नाही

कंपनीत बदल करायचा म्हटलं की पहिल्याच मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, ‘जरा वेगळा विचार करा’. सगळे माना डोलावतात आणि जागेवर जाऊन कालचंच काम कालच्याच पद्धतीने करतात. हा दर वेळी आडमुठेपणाच असतो असं नाही हं.

१९४२ मध्ये अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने लोकांना पाण्याची गणितं घातली. भांडी २१, १२७ आणि ३ मापांची, पाणी हवंय १००. मग १२७ मधून २१ काढा, ३ दोनदा काढा, झालं. अशी काही गणितं एकाच रीतीने सुटली की मग येतं २३, ४९ आणि ३, हवेत २०. आता इथे २३ मधून ३ काढले की काम संपलं ना, पण बहुतेक जण ४९ पासूनच सुरू करून तोच लांबचा वळसा घालत बसले, आणि ज्यांनी आधीची गणितं केलीच नव्हती त्यांना मात्र सोपा रस्ता लगेच दिसला! अनुभवच आडवा आला म्हणायचा.

२००८ मध्ये मेरिम बिलालिच आणि सहकाऱ्यांनी मुरलेल्या बुद्धिबळपटूंच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. ओळखीची मात समोर दिसत होती, त्याहून कमी चालींची मातही पटावर होती. खेळाडू सांगत होते की आम्ही दुसरा मार्ग शोधतोय, आणि नजर फिरून फिरून पटावरच्या त्याच ओळखीच्या चालीच्या घरांवर जात होती. खोटं बोलत नव्हते बिचारे, त्यांना खरंच तसं वाटत होतं. तेव्हापासून ‘मी एकदम ओपन माइंडेड आहे’ म्हणणाऱ्यावर, म्हणजे स्वतःवरसुद्धा, माझा विश्वास जरा कमीच झालाय.

मग करायचं काय? प्रश्न विचारायची जागा बदलायची. १९८५ मध्ये इंटेलचा मेमरी चिपचा धंदा जपानी कंपन्यांपुढे बसत चालला होता, पण कंपनी उभी राहिली होती त्यावरच, सोडवेना. कंपनीच्या अध्यक्षाने, अँडी ग्रोव्हने, सीईओ गॉर्डन मूरला विचारलं की आपल्याला हाकलून बोर्डाने नवा माणूस आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग ते आपणच का करू नये, असं ठरवून त्यांनी तो धंदा सोडला. माहिती तीच होती, फक्त ती परक्याच्या नजरेने पाहिली. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइनची प्रीमॉर्टेम पद्धत याच्याच जवळची, प्लॅन सुरू होण्याआधीच तो फसलाय असं धरायचं आणि प्रत्येकाने कारणं लिहायची, म्हणजे शंका काढणारा कोणी रडका ठरत नाही.

पण हे झालं साहेबांचं, खालच्या माणसाचं काय? १९४८ मध्ये कोच आणि फ्रेंच या संशोधकांनी अमेरिकेतल्या हारवुड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातला प्रयोग छापला. एका गटाला कामाच्या पद्धतीतला बदल नुसता सांगितला, तर उत्पादन पडलं आणि ४० दिवसांत १७ टक्के लोक सोडून गेले. ज्या गटांतल्या सगळ्यांनी बसून नवी पद्धत ठरवली तिथलं काम लवकर सावरलं, आधीपेक्षाही वर गेलं, आणि सोडून कोणीच गेलं नाही. यातला मला सगळ्यात आवडलेला भाग नंतरचा आहे. त्या पहिल्या, कुरकुर करणाऱ्या गटात उरलेल्या १३ जणांना अडीच महिन्यांनी पुन्हा नवं काम दिलं, पण या वेळी त्यांनाही ठरवायला बसवलं, आणि तीच माणसं भराभर सावरली.