मागच्या भिंतीवरचा दिवा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या, कुठल्याही जुन्या प्लॉटवर रात्री नऊनंतर चक्कर मारा. गेटवर लखलखाट, ऑफिससमोर उजेड, आणि शेडच्या मागे, जिथे भंगार, पत्र्याचे तुकडे आणि रिकामी पिंपं रचलेली असतात, तिथे मिट्ट काळोख. चोर गेटातून येत नाही हे मालकापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण वीज गेटाकडून येते, मीटर तिथे असतो, म्हणून दिवेही तिथेच लागतात. मागच्या भिंतीपर्यंत केबल न्यायची तर दोन-तीनशे मीटर चर खणावा लागतो, वाटेत कुणाची तरी पाण्याची लाइन फुटते, आणि काम ‘दिवाळीनंतर बघू’वर जातं. दिवाळ्या येतात आणि जातात. सौर सुरक्षा-दिवा ही वस्तू खरं तर या मागच्या भिंतीसाठी आहे. विजेचं बिल वाचवायला ती जन्मली नाही. जिथे तार पोचत नव्हती तिथे ती जन्मली, आणि पहिल्यांदा कामाला लागली ती भर समुद्रात.

त्याआधीचं थोडक्यात. पहारा आणि उजेड यांचं नातं जुनंच. पॅरिसमध्ये 1667 साली रस्तोरस्ती कंदील टांगले गेले ते पोलीसप्रमुख ला रेनी याच्या हुकमाने; रात्रीचे गुन्हे आवरणं हा त्याचा हेतू होता. कारखान्यात मात्र दिवा वेगळ्या कारणाने शिरला. इंग्लंडमध्ये सॅलफर्डच्या फिलिप्स अँड ली सूतगिरणीत 1805च्या सुमारास विल्यम मर्डॉकने गॅसबत्त्या बसवल्या, त्या अंधार पडल्यावरही यंत्रं चालू राहावीत म्हणून. कामाचा उजेड आणि पहाऱ्याचा उजेड हे तेव्हापासून दोन वेगळे हिशेब आहेत. आपल्याकडे 1948च्या फॅक्टरीज ॲक्टचं कलम 17 सांगायचं, की कामगार जिथे काम करतात किंवा जिथून ये-जा करतात तिथे पुरेसा उजेड हवा. मागच्या भिंतीपाशी कुणी काम करत नाही आणि, निदान कागदावर तरी, तिथून कुणी ये-जाही करत नाही. मग तो कोपरा मालकाच्या मर्जीवर राहतो.

बडोद्याला कारखाने नवे नाहीत. सयाजीराव महाराजांचं कलाभवन, म्हणजे तंत्रशिक्षणाची शाळा, 1890चं. तिथले गज्जर, त्यांच्यासोबत आपले कोटीभास्कर आणि अमीन यांनी 1907 साली ॲलेम्बिक ही औषधकंपनी उभी केली. साठच्या दशकात कोयलीची रिफायनरी आली, खतांचा कारखाना आला, पाठोपाठ आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी. गुजरात वीज मंडळाचं मुख्यालयही 1960पासून इथेच होतं, रेसकोर्सला. आमच्या दांडिया बाजारात दर चार घरांआड कुणीतरी ‘बोर्डात’ असायचं, आणि जेवताना लोडशेडिंगवर बोलणं म्हणजे घरातल्याच माणसाची तक्रार केल्यासारखं व्हायचं. त्या काळच्या वॉचमनची हत्यारं तीन: काठी, शिट्टी आणि तीन सेलची बॅटरी. टॉर्चला मराठीत ‘बॅटरी’ म्हणतात याची मला नेहमी गंमत वाटते. उजेड देतो तो बल्ब, पण नाव मिळालं ते सेलना. ज्याच्यावर सगळं अवलंबून तेच नाव लोकांनी उचललं. पुढची सगळी हकीकतही बॅटरीचीच आहे; पॅनेलचा भाग त्या मानाने सोपा.

उजेड पडला की वीज तयार होते हे एडमंड बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाला 1839 सालीच दिसलं होतं. उपयोगाला येईल असा सिलिकॉनचा सेल मात्र 1954 साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी बनवला. त्यावर पडणाऱ्या उन्हातला जेमतेम 6 टक्के भाग विजेत उतरायचा. किंमत इतकी, की घेणारं गिऱ्हाईक आकाशातच सापडलं. 1958च्या मार्चमध्ये सुटलेल्या व्हॅनगार्ड-1 या छोट्या उपग्रहावर दोन ट्रान्समीटर होते, एक बॅटरीवर आणि एक सौर सेलवर. बॅटरीवरचा काही महिन्यांतच गप्प झाला. सेलवरचा 1964पर्यंत बोलत राहिला. सौर दिव्यांची दुरुस्ती करणाऱ्याने हा प्रसंग चौकटीत लावून ठेवावा.

आता समुद्र. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर रात्री दिवे आणि भोंगे चालवावे लागत, नाहीतर जहाज येऊन आदळायचं. तार नाही, म्हणून भल्यामोठ्या बॅटऱ्या. त्या एकदाच वापरायच्या. संपल्या की बोटीने नव्या आणायच्या आणि जुन्या पुष्कळदा सरळ पाण्यात लोटायच्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एक्सॉन या तेलकंपनीच्या पैशावर काम करणाऱ्या एलियट बर्मनने सेलची किंमत वॉटला 100 डॉलरवरून 20 डॉलरवर आणली. घरगुती विजेच्या तुलनेत हा भावही वेड्यासारखाच होता. पण बोट, माणसं, बॅटऱ्या आणि दर वेळची खेप एवढं मांडलं तर तो स्वस्त पडत होता. मकरपुऱ्यातली केबलची चर आणि आखातातली बोट यांचा हिशेब एकाच वहीतला आहे. सौर दिव्याची तुलना युनिटच्या दराशी करायची नसते. तार तिथवर न्यायला किती पडलं असतं, त्याच्याशी करायची असते.

भारतात साहिबाबादची सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी 1974 साली निघाली. तिने 1977मध्ये पहिला सौर सेल आणि पुढच्या वर्षी पहिलं पॅनेल तयार केलं. तिचीही सुरुवातीची गिऱ्हाइकं तसलीच, तारेपासून लांबची, ओएनजीसीचे समुद्रातले निर्मनुष्य फलाट धरून. केंद्रात 1982 साली अपारंपरिक ऊर्जेचा विभाग झाला, 1992 साली त्याचं मंत्रालय. गुजरातने मात्र त्याआधीच, 1979 साली, स्वतःची ऊर्जा विकास संस्था काढली होती. ती ‘गेडा’. तिचं कार्यालय कितीतरी वर्षं बडोद्यातच होतं, गांधीनगरला ते नंतर गेलं. त्यामुळे सोलर कुकर आणि सोलर कंदील बडोदेकरांनी जरा लवकर बघितले. कौतुकाने बघितले आणि माळ्यावर टाकले, हेही खरं.

पहिल्या पिढीचा सौर पथदिवा कसा होता ते जवळून सांगतो, कारण त्याच्याशी मी बरीच वर्षं झटलो आहे. सरकारी नमुना ठरलेला: 74 वॉटचं पॅनेल, 11 वॉटचा सीएफएल, 12 व्होल्ट 75 अँपिअर-तासाची ट्यूब्युलर, म्हणजे शिशाची, बॅटरी. कागदावर हिशेब चोख बसतो. रात्रभरात दिवा सव्वाशे वॉट-तास खातो, बॅटरीत 900 मावतात, म्हणजे दोन-तीन दिवस ढग असले तरी चिंता नको. पण शिशाची बॅटरी पुरी उपसून चालत नाही. निम्म्याच्या फार खाली गेली की तिचं आयुष्य भराभर आटतं. त्यात आपला मे महिना. साधारण नियम असा, की 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. बाहेर 43 अंश आणि पत्र्याचा डबा दिवसभर उन्हात, मग डब्याच्या आत काय असेल ते हात लावून बघितलं की कळायचं. तिसऱ्या उन्हाळ्यात बॅटरी पडायचीच. पॅनेल वर ठणठणीत.

आणि हा डबा असायचा कुठे? खांबाच्या बुंध्याशी, कारण शिशाची जड बॅटरी वर चढवायची कुणी! मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात आम्ही मागच्या भिंतीला असे सहा दिवे लावले. दीड महिन्याने तिथल्या वॉचमनचा सकाळी सकाळी फोन: ‘‘साहेब, बत्ती गई.’’ मला वाटलं फ्यूज उडाला. जाऊन बघतो तर सहाही डब्यांची कुलुपं तुटलेली, आत फक्त वायरींची कापलेली टोकं. भंगारातल्या शिशाला भाव चांगला येतो. चोरांपासून राखण करायला लावलेल्या दिव्यातलं चोरण्यासारखं सगळं आम्ही गुडघ्याच्या उंचीवर मांडून ठेवलं होतं. नंतर डबे वर चढवले, त्यांना पट्ट्या वेल्ड केल्या. मग बॅटरीत पाणी घालायला दर वेळी शिडी आणि गॅसकटर लागायचा.

यातून सुटका केली ती दोन शोधांनी, आणि दोन्ही पॅनेलच्या बाहेरचे. पहिला एलईडी. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी 1993 साली झगझगीत निळा एलईडी बनवला, 1996 साली त्यावरून पांढरा आला, आणि 2014चं नोबेल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं. सीएफएल एका वॉटमागे साधारण 60 ल्युमेन (हे उजेडाचं माप) द्यायचा. आजचा बरा एलईडी 130-150 देतो, आणि तोही हव्या त्या दिशेला. सीएफएलचा निम्मा उजेड पावसाळी किड्यांच्या कामी यायचा. भारतात भाव खरा उतरला तो 2015 नंतर. त्या जानेवारीत केंद्राची एलईडी पथदिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू झाली. त्याच महिन्यात आपल्याकडे नर्मदेच्या बडोदा शाखा कालव्यावरच्या 10 मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचं उद्घाटन संयुक्त राष्ट्रांचे बान की-मून यांच्या हस्ते झालं. फोटो कालव्याचे छापून आले. मागच्या भिंतीच्या दृष्टीने मोठी बातमी दिव्यांची होती.

दुसरा शोध लिथियम आयर्न फॉस्फेटचा. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात या पदार्थाची ओळख पटली. याचे 3.2 व्होल्टचे चार सेल जोडले की 12 व्होल्टचं काम होतं. बरीच जास्त उपसली तरी ही बॅटरी भरण्या-उपसण्याच्या दोनेक हजार फेऱ्या काढते, पाणी मागत नाही, आणि तेवढ्याच कामाला इतकी हलकी की दिव्याच्या पोटात किंवा पॅनेलच्या पाठीला बसते. बुंध्याशी डबा नकोच. ‘ऑल-इन-वन’ म्हणून जे विकतात ते हेच. त्याचाही एक दोष आहे. पॅनेल दिव्याला चिकटलेलं, त्यामुळे दिवा भिंतीकडे वळवला की पॅनेलही वळतं. बडोदे 22 अंश अक्षांशावर, म्हणजे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तेवढंच कललेलं हवं. उत्तरेच्या भिंतीवर बाहेर तोंड करून लावलेला ऑल-इन-वन हिवाळ्यात उपाशी राहतो. तिथे पॅनेल वेगळं असलेला जुन्या घडणीचा दिवाच घ्यावा, दुकानदार काहीही म्हणो.

ऋतूंचं गणित मात्र इथे थोडं आपल्या बाजूने आहे. श्रावणात ऊन कमी, पण रात्रही सव्वाअकरा तासांच्या आसपास. डिसेंबरात रात्र सव्वातेरा तासांची, पण आकाश निरभ्र. दोन्ही आपत्ती एकदम येत नाहीत. उरलेली कसर बॅटरी आणि दिवा सांभाळणारा कंट्रोलर भरून काढतो. संध्याकाळ झाली हे कळायला त्याला वेगळा डोळा लागत नाही. पॅनेलचं व्होल्टेज पडलं की तो दिवा लावतो. 20 वॉटचा दिवा बारा तास पूर्ण जळला तर 240 वॉट-तास लागतात. पहिले चार तास पूर्ण आणि पुढचे आठ तास 30 टक्क्यांवर ठेवला, तर 128मध्ये भागतं. मंद दिवा हालचाल दिसताच प्रखर होतो ते पीआयआर सेन्सरमुळे. हा सेन्सर अंगाच्या उष्णतेवर चालतो, म्हणून मे महिन्यात तो जरा आंधळा होतो: दिवसभर तापलेली विटांची भिंत रात्री दहालाही माणसाच्या कातडीइतकीच गरम असते. कुत्री आणि वानरं मात्र थंडीत त्याला बरोबर सापडतात.

काही जागा या दिव्याच्या नाहीतच. बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या रसायन कारखान्यांत जिथे ज्वलनशील वाफा असू शकतात, तिथे आतली ठिणगी बाहेर न जाऊ देणारे फ्लेमप्रूफ दिवेच लागतात. बाजारातला सोलर दिवा तिथे नेणं म्हणजे आगीशी खेळ. आणि नुसत्या उजेडाला चोर भितो असंही नाही. न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत प्रखर दिवे उभारून केलेल्या एका अभ्यासात रात्रीचे बाहेरचे गंभीर गुन्हे 36 टक्क्यांनी घटलेले दिसले, पण तिथे खिडक्यांतून बघणारे लोक होते. मागच्या भिंतीला खिडकी नसते. वॉचमनच्या खुर्चीवरून दिसेल किंवा कॅमेऱ्यात येईल अशाच जागी दिवा लावावा. एरवी तो चोराचीच सोय करतो.

ऑगस्ट 2024च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ठिकठिकाणी वीज बंद करावी लागली. मुजमहुड्याकडच्या एका गोदामाच्या मालकाने नंतर सांगितलं, की सगळा परिसर अंधारात असताना त्यांच्या आवारातले नवे चार दिवे रात्री लागत होते, पाण्यावर उजेड पडलेला, राखण करायला खाली काहीच कोरडं उरलं नव्हतं. जुन्या पद्धतीचा एक दिवा कोपऱ्यात होता, बुंध्याशी डबा असलेला. तो पहिल्याच रात्री गेला.

मकरपुऱ्यातल्या त्या सहा खांबांवर आता लिथियमचे दिवे आहेत. काढलेल्या जुन्या पॅनेलांपैकी एक वॉचमनने मागून घेतलं आणि केबिनच्या पत्र्यावर दोरीने बांधलं. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, त्यावर मांजा गुंडाळला जातो, तो काढतो आणि ओल्या फडक्याने काच पुसतो. त्यावर त्याचा छोटा पंखा आणि मोबाइल चालतो. परवा गेलो तेव्हा तो खाली बसून बॅटरी बदलत होता. तिसरी.