जनरेटर खरे फोटो पाहतच नाही
‘गॅन’ (GAN) ही खरी वाटणारी चित्रे तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची रचना खऱ्या फोटोंतले डोळे, नाक, केस कापून नवा चेहरा जोडते, हा समज बराच काळ फिरत आहे. तो चुकीचा आहे. संशोधक इयान गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या मूळ रचनेत जनरेटरला, म्हणजे चित्र घडवणाऱ्या भागाला, खरा फोटो कधीच दाखवला जात नाही. त्याला मिळतात केवळ यादृच्छिक आकडे, आणि त्यांतून घडवलेले चित्र खरे की बनावट याचा निवाडा करणाऱ्या डिस्क्रिमिनेटर या दुसऱ्या भागाकडून उलट येणारी सुधारणेची दिशा. खरी अडचण वेगळीच आहे: डिस्क्रिमिनेटरला फसवणारे मोजकेच नमुने सापडले की जनरेटर तेच पुन्हापुन्हा काढतो, ज्याला ‘मोड कोलॅप्स’ म्हणतात. २०१७ च्या वासरस्टाइन गॅन या सुधारित प्रकाराने खऱ्या आणि बनावट चित्रांच्या वितरणांतील (कोणत्या प्रकारची चित्रे किती प्रमाणात येतात यातील) अंतर मोजण्याची रीत बदलून प्रशिक्षण बरेच स्थिर केले. प्रशिक्षणासाठीचे फोटो फारच थोडे असतील तर मूळ फोटोंशी अतिसाम्य असलेली चित्रे निघू शकतात हे खरे, पण तीही कात्रणे नसतात.